शिशीतला समुद्र

बाबा, परवा मी पुन्हा त्याच समुद्रावर जाऊन आले. तुम्ही गेलात त्याला सोळा वर्षं झाली, आणि त्या पहिल्या सहलीला वीस. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. तुम्हाला ती आधीपासून ठाऊक होती हे मला कळलंय, तरीही सांगते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी बुलढाण्याला मास्तरीण व्हायचं शिकत होते. आमची सहल कोकणात, समुद्राकाठच्या राखीव जंगलात जाणार होती. काका म्हणाले, पोरीच्या जातीला कशाला समुद्र. तुम्ही वांग्याच्या वाफ्यात उभे होता. खुरपं हातातच ठेवून म्हणालात, "जाऊ दे तिले. आपल्या घरातून कोनी तं पाहून येईन." आणि मला एकच काम सांगितलंत, "येतानी एक शिशी पानी आनजो समुद्राचं. जिभीवर ठेवून पाहीन म्हनतो." आपल्या देऊळघाटात आणि आसपासच्या गावांत कुठेही नवी विहीर लागली की लोक पाणी चाखायला तुम्हालाच बोलवायचे. तुम्ही ओंजळभर पाणी घ्यायचात, डोळे मिटायचात, जीभ टाळूला लावायचात आणि सांगायचात, इथे मिरची येईल, वांगं धरणार नाही. तुमचं कधी चुकलेलं मला आठवत नाही.

जंगल किनाऱ्यापर्यंत उतरलेलं होतं. पुढे चालणाऱ्या वनरक्षकानं ओल्या वाळूत कोल्ह्याची पावलं दाखवली, झाडाच्या शेंड्यावरचा समुद्रगरुड दाखवला. पाय वाजला की शेकडो खेकडे बिळात पळत. मी घरून आणलेली शिशी काढून पाण्यात वाकले, तर मागून हसू आलं. बदलीवर आलेल्या एका साहेबाची मुलगी आमच्या वर्गात होती, पुण्याकडची. "पाणी काऊन नेऊन राह्यली बे?" तिनं माझीच बोली माझ्यावर फेकली आणि सगळ्याजणी हसल्या. मी पण हसले, बाबा. म्हटलं, अगं गंमत केली. आणि शिशी झुडपात भिरकावून दिली.

परतताना वाकडी वाट करून गाडी लोणारला थांबली. सगळ्या दैत्यसूदनाच्या देवळात गेल्या होत्या. मी एकटी सरोवराच्या काठाला उतरले आणि डोक्याच्या तेलाची रिकामी बाटली धुऊन भरून घेतली. पाणी बोटांना बुळबुळीत लागत होतं, वासही येत होता. मनात म्हटलं, तेही खारं, हेही खारं, बाबांना काय कळणार. दोन वर्षं शिकून मी हे शिकले होते. तुमच्या जिभेसाठी सगळा तालुका खोळंबायचा, त्या जिभेविषयी मी असं म्हटलं.

चुलीपुढे बसून तुम्ही दोन थेंब तळहातावर घेतलेत. माय भाकर थापायची थांबली. तुम्ही डोळे मिटलेत, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "हाव. समुद्रच हाय." आणि पाणी प्यायलात. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आता किळस येते. ती बाटली तुम्ही भिंतीतल्या देवळीत, देवांशेजारी ठेवलीत. येईल त्याला दाखवायचात, "आमच्या पोरीनं समुद्र आनला." पण चाखायला कोणालाच दिलं नाहीत. लोणारजवळच्या बीबी गावचे मामा हट्टाला पेटले तेव्हा तुम्ही चक्क चिडलात, "देवाजवळचं पानी हाय, उष्टं नाही कराचं." मला वाटलं, भाबडेपणा.

तुमच्या तेराव्यानंतर मी देवळी आवरत होते. बाटली उचलली तेव्हा माय दारातून म्हणाली, "ते लोनारचं पानी फेकून दे आता." ती म्हणाली, "त्यायले तवाच कयलं होतं. म्हने, पोरगी कुठंतरी लाजली असन. कोनी चाखलं तं तिचं हसू होईन, म्हनून ठेवली झाकून." मग ती भांडी घासायला गेली.

म्हणून एवढ्या वर्षांनी, परवा शाळेची सहल घेऊन मुद्दाम तिथेच गेले. आता तिथे फाटक आहे, पाटी आहे, पायवाट आखलेली आहे. समुद्रगरुड दिसला नाही. पोरी खेकड्यांमागे धावत होत्या तेव्हा मी गुडघाभर पाण्यात जाऊन बाटली भरली आणि एक घोट घेतला. नुसतं खारट लागलं. तुम्ही असता तर आणखी काहीतरी सांगितलं असतंत, मला त्यापलीकडे काही कळलं नाही. आता ती बाटली देवळीत आहे, तुमच्या फोटोपाशी. चाखणारं कोणी नाही. हे पत्रही तिच्याखालीच घडी करून ठेवणार आहे, दुसरं कुठे टाकणार?

एक सांगायचं राहिलं. परतताना गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "बाटलीत काय आहे हो?" मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं, "औषध."