शनिवारची गाडी

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र बसून वाच आणि पूर्ण वाचल्याशिवाय हसू नकोस.

तुझी गाडी बंद होणार. आपल्या नगरपालिकेची बस रे, शुक्रवारी इथून तुझ्याकडे येते आणि शनिवारी संध्याकाळी तिथून निघून रविवारी सकाळी परत इथे पोचते, तीच. परवाच्या सभेत ठराव झाला. मार्चअखेर शेवटची फेरी, मग स्टँडच्या जागेवर मोटारी लावायची सोय. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला आणि ते एक मत तुझ्या या शहाण्या बहिणीचं.

कसं ते ऐक. नगरसेविका झाले म्हणून शिवणकाम सुटलं असं तुला वाटत असेल, तर कसलं सुटतंय! उलट सभेतच जास्त होतं. एकेका गटारावर तास तास बोलतात लोक. परवा कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे घालावेत की नाही यावर दोघे जण हमरीतुमरीवर आले, कुत्री बिचारी बाहेर झोपलेली. मला रिकाम्या हातांनी बसवत नाही, म्हणून पिशवीतून तुरपाईचं काहीतरी नेते. नगराध्यक्षांची हरकत नसते, त्यांच्याच कोटाची बटणं मी दोनदा सभेत लावून दिली आहेत.

त्या दिवशी वाचनालयाचे पडदे घेऊन बसले होते. एवढा मोठा पडदा, म्हणून दोरा लांब घेतलेला. बस बंद करायच्या बाजूने कोण कोण, असं नगराध्यक्षांनी विचारलं आणि नेमका तेव्हाच मी टाका ओढला. हात गेला की वर, सुईसकट! कारकुनाने मोजून टाकला. विरोधात कोण म्हटल्यावर मी ताडकन उभी राहून हात वर केला, तर म्हणे बाई, एका माणसाचा एकच हात धरतात. सगळी सभा हसली. मीही हसले, काय करणार? घरी येऊन मात्र मशीनवर डोकं टेकून ढसाढसा रडले.

निवडणुकीला मी कशाला उभी राहिले होते, सांग बरं? लोकांना नळ आणि दिवे सांगितले. मनात ही गाडी होती. दोन वर्षं झाली तुला येऊन, तेवढी एक गाडी चालू आहे म्हणून मला धीर होता.

पण अजून सगळं संपलेलं नाही. आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नियम शोधून काढला. झालेला ठराव पुन्हा सभेपुढे आणायचा, तर ज्याने त्याच्या बाजूने मत दिलं असेल त्यानेच अर्ज करायचा असतो. म्हणजे मीच की! अर्ज उद्याच देते. तू आपली रजा तेवढी बघून ठेव.

जेवणाची आबाळ करू नकोस. तुझ्यावर जीव आहे तो आहेच, तूही थोडा लाव.
तुझी,
ताई


ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालीस, पण दुसऱ्याच परिच्छेदाला मी लिफ्टच्या खड्ड्यात बसून खो खो हसलो. पत्र कामावर घेऊन गेलो होतो. वरून आमचा मुकादम विचारत होता, खाली गॅस-बिस गळतोय की काय.

माझं ठीक चाललं आहे. सध्या एका जुन्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करतो आहोत. ती तिसऱ्या मजल्यावर थांबायलाच तयार नसते. तिथल्या आजीबाई रोज चौथ्यावर जाऊन एक जिना उतरतात आणि मला शिव्या घालतात. त्यांचं तोंड थेट तुझ्यासारखं चालतं, म्हणून मीही मुद्दाम रेंगाळतो तिथे.

गाडीचं फार मनाला लावून घेऊ नकोस. बंद झाली तर झाली. दोन ठिकाणी गाडी बदलून येता येतंच. रजेचं मात्र सध्या अवघड आहे, माणसं कमी आहेत. तू त्या अर्जासाठी कुणाशी भांडत बसू नकोस. पडदे पुरे कर आणि इथून पुढे सभेला दोरा आखूड घेऊन जा.

गुडघ्याला शेक घेतेस ना? राग नसावा, असलाच तर पत्रातून घालवावा.
तुझा,
ठोंब्या


ता. २३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

या खेपेला थट्टा नाही. अर्ज दिला, तो मंजूर होऊन पुढच्या सभेत विषय ठेवलाही आहे. नगराध्यक्षांचं म्हणणं एवढंच, की बस रिकामी धावते, कुणासाठी चालू ठेवायची ते सांगा. म्हणून मी गाडीच्या ड्रायव्हरमामांना बोलावलं. गणवेशाची बाही उसवली होती ती शिवायला घेतली आणि हळूच विचारलं, की तिकडून येताना कोण कोण असतं.

मामा भाबडा माणूस. त्याला वाटलं मला सगळं ठाऊकच आहे. म्हणाला, तुमचा भाऊ असतो की दर शनिवारी. वेळेच्या आधी येतो, खिडकीपाशी बसतो, गावाकडची खबरबात विचारतो, तुमची तब्येत विचारतो. मी गाडी चालू केली की उतरतो. सुरुवातीला मामाला वाटायचं, कुणाला तरी सोडायला येत असेल.

माझं बाहीवरचं लक्षच उडालं. उलट्या बाजूने शिवली ती, पुन्हा उसवावी लागली.

अरे, रजा नाही म्हणून लिहितोस, आणि दर शनिवारी गाडीत येऊन बसतोस? माझं काही चुकलं का? मागच्या वेळी मी काही बोलले का? बोलले असेन तर स्पष्ट लिही, मला जिभेवर ताबा नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. आई गेल्यापासून तुझ्याशी मी जे काही वागले ते आई म्हणून की बहीण म्हणून, हे माझं मलाच कधी कळलं नाही. कुठे जास्त झालं असेल तर पदरात घे. पण मला खोटं लिहू नकोस. उत्तर लगेच हवं.

वाट बघते आहे.
ताई


ता. १ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

मामाच्या पोटात काही राहत नाही. बाहीपायी मला विकलं त्याने.

तुझं काहीही चुकलेलं नाही. देवाशप्पथ. तुला वाईट वाटेल म्हणून लिहीत नव्हतो, आता लिहितो.

मागच्या वेळी आलो तेव्हा चार दिवस राहिलो होतो. मागच्या खोलीत माझी खाट तू तशीच ठेवलेली, उशाला धुतलेली चादर. समोरच्या खोलीत तुझं मशीन चालायचं आणि मी दिवसाढवळ्या लोळत पडायचो. इथे मला इतकी झोप कधी लागत नाही. परत निघालो तेव्हा तू गाडीच्या खिडकीशी उभी होतीस. नेहमीसारखं सारखं बोलत होतीस, डबा उलटा धरू नकोस, खिडकी लावून घे. गाडी हलली तशी तू बरोबर चालायला लागलीस. कोपऱ्यावरच्या दिव्यापर्यंत आलीस आणि मग गुडघा धरून थांबलीस. मी मागे वळून बघितलं तर तू एवढीशी दिसत होतीस. ताई, तू कधी एवढीशी नव्हतीस गं.

त्यानंतर मला येणं जमत नाही. यायला माझा जीव तुटतो. पण आलो की परत जायचं आलं, पुन्हा ती खिडकी आली. आठवडाभर आज जायचंच म्हणून ठरवतो. रजाही मिळते, ते मी खोटंच लिहिलं. पिशवी भरून स्टँडवर जातो. गाडीत आपल्याकडची माणसं आपल्यासारखी बोलत असतात, ते ऐकत बसतो. मामा इंजिन चालू करतो आणि मला जातानाचं सगळं आत्ताच दिसायला लागतं. मग उतरतो.

एवढा बाप्या झालो तरी हे असं. हसायचं तर हास.

माझ्यासाठी गाडी चालू ठेवायला धडपडू नकोस. ज्याला उतरायचंच असतं त्याच्यासाठी काय म्हणून सांगणार आहेस सभेत?

तुझ्या मायेचा धनी,
ठोंब्या


ता. १९ मार्च

चि. ठोंब्यास,
खूप खूप आशीर्वाद.

काल सभा झाली. पिशवी घरीच ठेवली होती, हात मांडीवर घट्ट धरून बसले होते. मामाचा प्रवाशांचा हिशेब वाचून दाखवला. तुझ्याबद्दल काही बोलले नाही, ते सभेत सांगायचं नव्हतं. एवढंच म्हटलं, की ज्या घरातलं माणूस लांब असतं, त्या घराला गाडी रिकामी गेली तरी ती जाताना दिसावी लागते. कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तर डोळे पुसले.

मग हात वर करायची वेळ आली. मी केला. पण बेकरीवाले, मागच्या वेळी आमच्या बाजूचे, या वेळी खाली मान घालून बसले. दुकानासमोर मोटारी लागल्या तर गिऱ्हाईक वाढेल, असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. हरलो रे. नियमाप्रमाणे आता वर्षभर हा विषय काढता येत नाही. नंतर नगराध्यक्ष स्वतः येऊन म्हणाले, की वाईट वाटलं. वाटून काय उपयोग?

शेवटची फेरी २८ तारखेच्या शनिवारी तुझ्याकडून निघेल. रविवारी सकाळी इथे आली की संपलं. मामाला पाण्याच्या टँकरवर घेतलं आहे, सोमवारपासून स्टँडची फरशी उखडणार.

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मीही एक लपवलं होतं. दर रविवारी सकाळी मी दूध आणायला म्हणून स्टँडवर जाते. दूध तर दारात येतं आपल्या. गाडी लागली की उतरणाऱ्यांची तोंडं बघते, सगळे उतरले की आत डोकावून बघते आणि घरी येऊन चहा टाकते, सवयीने दोघांचा. तू तिकडे गाडीतून उतरत होतास आणि मी इकडे त्याच गाडीत तुला शोधत होते. काय म्हणावं आपल्याला!

ये असं मी लिहीत नाही. तुला त्रास होतो ते मला कळलं. पण आठवण येते रे. मशीन थांबलं की घर इतकं गप्प होतं, की मी उगाचच पुन्हा पाय मारते. पूर्वी कधी सांगितलं नाही, तू काळजी करशील म्हणून. आता आपलं सगळं सांगून झालंच आहे, तर हेही राहायला नको.

जिथे असशील तिथे सुखात राहा. ताईला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
ताई


ता. २८ मार्च, गाडीत

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. हे पत्र टपालात टाकायला सवड नाही, हातात देईन.

स्टँडवर नेहमीसारखा आलो, खिडकीपाशी बसलो. गाडीत मामा, कंडक्टर आणि मी, तिघेच. मामाने इंजिन चालू केलं आणि आरशातून माझ्याकडे बघत थांबला, मी उतरायची वाट बघत. मीही उठलो, पिशवी खांद्याला लावली. तेवढ्यात कंडक्टरने सवयीने विचारलं, की परतीचं तिकीट आत्ताच देऊ का. आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणाला, की या गाडीला परतीची फेरीच नाही.

मी खाली बसलो.

शहराबाहेर आलो आहोत. मामा मोठ्याने गातो आहे, गाण्याला ना सूर ना ताल. किती दिवस राहीन ते विचारू नकोस, मलाही माहीत नाही.

उद्या सकाळी दूध आणायला ये.

तुझा,
ठोंब्या