मातृभाषेचा रकाना

नागपूर,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आप्पांना सौम्याचा नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मी खुशाल आहे. तुमचा गुडघा आता कमी दुखत असावा. इथली थंडी ओसरली. मेसमध्ये भाकरी मागितली की वाढपी पोळी वाढतो आणि वर 'घ्या, भाकरीच समजा' म्हणतो. समजून घ्यायची सवय मला घरूनच आहे, त्यामुळे जमतं.

माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून तुम्ही ते परत पाठवलंत, तेही पोचलं. 'परिक्षा' नव्हे, 'परीक्षा'. मराठीच्या मास्तरांच्या मुलीला, दोनदा देऊनही ती लिहिता येत नाही, ही नामुष्कीच. हे पत्र मात्र परत पाठवू नका. यातल्या चुका तशाच राहू द्या.

अभ्यास बरा चाललाय. पहिल्या वर्षाला आम्ही मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो. समोरचे दात जमतात, दाढ जमत नाही. माझ्या खोलीत वर्ध्याची केतकी आहे, स्वभावाने मोकळी. मी सीमाभागाच्या राखीव जागेवर आले म्हटल्यावर तिने विचारलं, "तिकडे मिलिटरी असते का गं?" मी म्हटलं, असते, घराघरात असते. ती हसली. 

आता सत्काराचं. सत्तावीस तारखेला, मराठी भाषा दिनाला, तुमच्या मराठी मंडळातर्फे 'सीमाभागाची लेक' म्हणून माझा सत्कार ठरवलाय, मी 'माझी मातृभाषा, माझं यश' यावर बोलायचं आणि भाषण आधी तुम्हाला दाखवायचं, असं तुम्ही लिहिलंत. तयारी सुरू केली आहे. काय काय आठवलं ते खाली लिहिते, त्यातलं काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा.

त्याआधी एक विचारायचं होतं. जेवणाचं काय करता? शेजारची मालुबाई डबा देते का अजून? आणि गल्लीत कोणी आईचं विचारलं तर मामाची तब्येत बरी नाही हेच सांगता का? मामा ठणठणीत आहे. मोटारसायकलवरून रोज संकेश्वरच्या कारखान्यावर जातो.

असो. भाषण.

पहिल्या वेळी डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत माझा नंबर लागला नाही, तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी मोजकंच बोललात. वर्ष गेलं, पोरगी घरात बसली, असं तुम्ही अनगोळच्या आत्याला फोनवर सांगत होता. बेळगावच्या क्लासला पुन्हा पैसे घालायचे नाहीत, घरीच अभ्यास करायचा, असं ठरलं. तुम्ही मला रोज पहाटे उठवायचात, त्याबद्दल मंडळासमोर तुमचे आभार मानीन. तुम्ही शाळेला गेल्यावर काय चालायचं हे मात्र तुम्हाला माहीत नाही.

मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसायची. आई भाकरी थापायची आणि म्हणायची, आज काय वाचलंस ते मला सांग. कानडीतून सांग, तुझं इंग्रजी मला कळत नाही. तिला विज्ञानातलं ओ की ठो येत नव्हतं, त्यामुळे मला सगळं अगदी मुळापासून सांगावं लागायचं. भाकरीचा तुकडा तोंडात गेला, दातांनी चावला, लाळेत भिजला. की ती विचारायची, "आम्याले?" मग पुढं? मी सांगायची, अन्ननळीतून खाली गेला. "आम्याले?" जठरात गेला. "आम्याले?" मी अडले की ती थापायची थांबायची आणि पिठाच्या हाताने बोट दाखवून म्हणायची, जा, बघून ये. मी पळत जाऊन पुस्तकात बघून यायची. असं करत आम्ही दोघींनी अख्खं जीवशास्त्र संपवलं, आप्पा. मूत्रपिंडाच्या धड्याला तर ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. ती तुम्ही रात्री खाल्लीत आणि 'लक्ष कुठं असतंय हिचं' म्हणालात.

उंबऱ्याच्या आत मराठीच बोलायचं हा तुमचा नियम. तुमची चप्पल दारात वाजली की आम्ही भाषा बदलायचो. मी पटकन बदलायची, तिला वेळ लागायचा. मग ती 'चहा झाली' म्हणायची आणि तुम्ही पाहुण्यांकडे बघून म्हणायचात, "झाली का? मुलगी की मुलगा?" पाहुणे हसायचे, आई पण हसायची. हसताना तोंडावर पदर धरायची. मिश्रीने तिचे दात काळे पडलेत आणि उजवीकडची दाढ कायम ठणकते, हे तुम्हाला तिने कधी सांगितलं नाही. मला सांगितलं होतं. मी दातांचं कॉलेज धरायचं म्हणाले ते त्या दाढेपायी. डॉक्टरकीला मार्क पुरणार नाहीत म्हणून दातांवर समाधान मानलं, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. ते खरं नाही. आईने दाढ काढायला कुणाकडेच जायचं नाही असं ठरवलं होतं. "नन्न मगळ काढंल," म्हणायची. माझी पोरगी काढेल.

मग परीक्षा. बेळगावला परीक्षेचं केंद्र असलेल्या शाळेच्या फाटकात माझ्या कुर्त्याची पितळी बटणं चालणार नाहीत म्हणाले. कात्री कुणाकडेच नव्हती. तुम्ही फाटकावरच्या माणसाशी नियमांवर वाद घालत होता. आईने मला बाजूला घेतलं आणि एकेक बटण दातांनी दोरा तोडून काढलं. शेवटच्या बटणाला तिने डोळे मिटले, त्या दाढेत कळ गेली होती. बटणं कमरेला खोवली आणि म्हणाली, "होग." जा. मी गेले.

आत भौतिकशास्त्राने रडवलं. मग पचनावरचा प्रश्न आला, कुठला स्राव कुठे आणि कशानंतर, आणि माझी पाटी कोरी झाली. दोनदा वाचला.  आणि मला कानात "आम्याले?" ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, आप्पा. मग मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि खाली खाली जात राहिले. त्यानंतरचे कितीतरी प्रश्न मी तसेच सोडवले, तोंडातल्या तोंडात कानडी बोलत. शेजारच्या बाकावरचा मुलगा माझ्याकडे बघत होता. हा परिच्छेद मंडळाला चालेल का?

मार्क आले ते ना धड इकडचे ना तिकडचे. कर्नाटकात सरकारी जागा लागेना, खाजगीची फी आपल्याला झेपणारी नव्हती. तेव्हा महाराष्ट्रात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी जागा असतात हे तुम्ही शोधून काढलंत. तुम्ही धावपळ केलीत, कोल्हापूरला खेटे घातलेत, हे मी विसरणार नाही. त्या अर्जात एक रकाना होता, मातृभाषेचा. तुम्ही ठळक अक्षरांत 'मराठी' लिहिलंत. लिहून झाल्यावर मात्र तुमचा हात थांबला. मी समोरच बसले होते.

शिफारशीसाठी बेळगावहून एक ओळखीचे गृहस्थ घरी येऊन कागद बघून जाणार होते. आदल्या दिवशी तुम्ही आईला म्हणालात, "दोन दिवस माहेराला जाऊन ये."

"कशाला? सण न्हाय, काय न्हाय."

"मातृभाषा बघणार हाईत. मातृभाषा म्हंजे आईची भाषा. तू चार शब्द बोललीस की सगळं उघडं पडंल."

"मी गप बसतो की. चा करून देतो, आन् आत जातो."

"न्हाय. एक शब्द तोंडातनं गेला तर पोरीची जागा जाईल."

मी मध्ये बोलले. आप्पा, असं नको, म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. आईच म्हणाली, "गप बस, मगळ. तुझ्या जागंपुढं माझं काय हाय?" पिशवीत दोन लुगडी घातली. जाताना चहा-साखरेचे डबे पुढे काढून ठेवले, पाहुण्यांसाठी. तिला एसटीत बसवायला मी गेले होते. तुम्ही कागदांच्या झेरॉक्स काढायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. दारावरचा मराठी फलक वाचून त्यांनी मान डोलावली. माझा शाळा सोडल्याचा दाखला बघितला आणि म्हणाले, "मराठी शाळा, दाखल्यावर मराठी. झालं की. एवढंच पायजे हुतं." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. मग त्यांनी सहज विचारलं, "वैनी दिसत न्हाईत?"

"माहेरी गेलीया. संकेश्वरला," तुम्ही म्हणालात.

"संकेश्वर? अवो, आमची बी तिकडचीच की, हुक्केरीची! आमच्या घरात तिचंच राज्य, सगळी कानडीच." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते आपल्या सोप्यात बसून, मी केलेला चहा पीत बायकोला म्हणाले, "हां, हां, ऊटक्क बर्तेनी." जेवायला येतो. फोन ठेवून हसले. तुम्हीही हसलात, आप्पा. नुसतं हसला नाहीत, टाळी दिलीत.

मी ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, हे गेले की तुम्ही तडक संकेश्वरची गाडी धराल. तुम्ही म्हणालात, उद्या बघू. मग रविवारी बघू. मग म्हणालात, "तिला काय वाट ठाऊक न्हाय व्हय? यील आपली आपण." आई फोनवर म्हणाली, ज्यानं धाडलं त्यानं न्यायला यावं. यात तिचं काय चुकलं? आपल्याकडे माहेरी पाठवलेल्या बाईला न्यायला माणूस जातो, ही रीत तुम्हीच वर्गात शिकवता. ती आपण होऊन परत आली असती तर तिची भाषा खरंच लाजेची होती, हे तिने कबूल केल्यासारखं झालं असतं. गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मधेच मी नागपूरला निघाले तेव्हा ती निपाणीच्या स्टँडवर येऊन मला भेटून गेली. घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. घराकडे तिने मान वळवून बघितलंही नाही.

तुम्ही मराठीचा अभिमान बाळगलात म्हणून मी चिडलेली नाही. मराठी माझीही आहे, हे पत्र मी तिच्यातच लिहितेय आणि शिव्या द्यायच्या तर त्याही तिच्यातच सुचतात. चीड याची आहे की भाषेला आई म्हणायचं भाषण तुम्ही दरवर्षी करता, आणि घरातल्या आईला भाषेपायी गाडीत बसवून दिलंत.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. इतका वेळ दाताबिताचं बोलत तेच टाळत होते.

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. आईने दाढ काढली. संकेश्वरच्या बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे जाऊन काढून आली, कुणाला न सांगता. मामा म्हणाला, "मी म्हनलं, आक्का, पोरगी डॉक्टर हुस्तवर थांबायचं हुतं की. तर म्हणली, ती मराठी डॉक्टर हाय. मला कुठं दुकतंय ते तिला सांगाय यायचं न्हाय."

मी लगेच आईला फोन केला. कानडीत विचारलं, खूप दुखलं का? ती मराठीत म्हणाली, "बरी हाय मी. तुझी जेवण झाला का?"

एकोणीस वर्षं ती मला रोज 'ऊट आतेन?', जेवलीस का, विचारत आली. तापात विचारलं, परीक्षेच्या दिवशी विचारलं, निपाणीच्या स्टँडवर गाडी हलताना खिडकीला धरून विचारलं. मी म्हटलं, आई, असं काय बोलतेस? ती म्हणाली, "कागदावर तसाच हाय न्हवं? ऱ्हाऊ दे. जागा जायाला नको." टोमणा नव्हता तो. तिला खरंच भीती वाटते की कुणी ऐकेल आणि माझी जागा जाईल. मी मग तिला कॉलेजचं सांगत बसले, मेणाचे दात, केतकी, मेस. मध्ये मध्ये थांबत होते. ती 'बरं, बरं' म्हणत होती. 'आम्याले' एकदाही म्हणाली नाही.

सत्काराला मी येणार नाही. 'माझी मातृभाषा, माझं यश' यावर मला जे बोलायचंय ते सगळं वर लिहिलंय, वाटल्यास तुम्हीच वाचून दाखवा. शाल उरेल, ती घेऊन संकेश्वरला जा. तुम्हाला कानडी येत नाही असं मला सांगू नका, गुरुवारच्या बाजारात तुम्ही घासाघीस कुठल्या भाषेत करता ते मी पाहिलंय. तिच्या दारात फार बोलावं लागणार नाही. 'मनिगे बा.' घरी चल. दोनच शब्द आहेत आणि दोन्हींना लाल शाई लागणार नाही.

तुम्ही जाल असं मला वाटत नाही. तरी मी दर रविवारी मामाला विचारत राहीन, आप्पा आले का? आणि तो नाही म्हणाला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निपाणीच्या स्टँडवर उतरणार नाही. तीच गाडी पुढे संकेश्वरला जाते.

तब्येतीला जपा. गुडघ्याला लावायचं तेल देवघराच्या खालच्या फळीवर आहे, आईने जायच्या आधी भरून ठेवलेलं.

कागदावर तुमची लेक,
आईची मगळ,
सौम्या