टोपलीतून सोडलेली वायर

परभणी,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय अक्का,

पाया पडते. तू पाठवलेले हरभऱ्याचे ढाळे पोचले. निम्मे शेजारी वाटले, निम्मे मीच उभ्या उभ्या संपवले. गुडघा कसा आहे? उगाच जिना चढू नकोस.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू रागवायला लागलीस की थांबत नाहीस. पत्रात तुला मधे बोलता येत नाही.

आमच्या इमारतीत महिनाभर नुसता गोंधळ होता. इथल्या एका बाईनं, नाव नंतर सांगते, निळी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. साठी ओलांडलेली बाई! रोज सकाळी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर जाऊन शिकली, लायसन्स काढलं. दोनदा पडली, फार लागलं नाही. पण गाडी खाली आणि प्लग वर घरात. भाजी घ्यायला आम्ही सगळ्याच बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडतो ना, त्याच टोपलीला ही एक्स्टेन्शनची वायर बांधून संध्याकाळी खाली सोडायची. बघणाऱ्याला वाटावं, बाई कोथिंबीर घ्यायलीय.

एके सकाळी भाजीवाल्या लक्ष्मीबाईंना टोपली खाली दिसली. त्यांनी मेथीच्या दोन जुड्या टाकल्या आणि हाक दिली, "ओढा वो बाई!" बाई अर्धवट झोपेत. वायर अजून गाडीलाच आहे हे विसरून मी जोरात दोरी ओढली. गाडीला हिसका बसला आणि तिचा चोर पकडायचा भोंगा सुरू झाला.

"अगं माय!" लक्ष्मीबाई ओरडल्या, "मेथी ठिवली तर बोंबलायलीय ही!"

सगळ्या खिडक्या उघडल्या. सोसायटीचे सचिव भागवतराव बनियनवरच खाली आले. "ही वायर पेटली तर? विमा कंपनी रुपया द्यायची न्हाई. गाडी भाईर काढा!" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. खाली सगळ्यांच्या गाड्या एकमेकींना चिकटून असतात. पण रस्त्यावर लावायची तर चार्जिंग कुठून करायची? बाईनं गाडी विकायची मनाची तयारी केली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, अक्का.

भागवतरावांनी एक मात्र चांगलं केलं. आमच्या इमारतीचा विमा बघतात त्या धम्मशीलाताईंना बैठकीला बोलावलं. त्यांनी पॉलिसी मोठ्यानं वाचली. "इलेक्ट्रिक गाडी नको असं यात कुठंच न्हाई," त्या म्हणाल्या. "पण वायरिंगमधला बदल कंपनीला कळवा, असं लिहिलंय. न कळवता आग लागली तर कंपनी पैसे अडवू शकती. बाईंच्या गाडीचा विमा आपल्या भिंतींना पुरायचा न्हाई."

"तेच म्हणायलोय मी!" भागवतरावांना जोर आला.

"मग साहेब, तुमी गणपतीत लावलेली लाइटची माळ जिन्यात अजून लोंबायलीय. ती कळवली का?"

मागून कुणीतरी "मोरया!" म्हणालं. मग काय, पाच मिनिटं नुसता हशा. भागवतरावही हसले, आणि संध्याकाळी स्वतः स्टुलावर चढून माळ उतरवली.

ठरलं ते असं: जिन्यापासून लांब, पार्किंगच्या कोपऱ्यात चार्जिंगची एकच जागा. तिला वेगळं मीटर. काम लायसन्सवाल्या वायरमनचं, त्याचा दाखला कंपनीकडे. कंपनी हो म्हणाली तर गाडी राहील, नाही तर जाईल. तोवर प्लगला हात लावायचा नाही. गाडी झाकून उभी होती. बाई रोज खाली जाऊन तिच्यावरची धूळ पुसून यायची, दुसरं करणार काय!

परवा उत्तर आलं. मंजूर! हप्ता जरा वाढलाय, तेवढा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी द्यायचा. काल लक्ष्मीबाईंच्या हातून नारळ फोडला. "आता गप ऱ्हा गं," असं त्यांनी गाडीला बजावलं. पहिला प्लग भागवतरावांनी लावला आणि हळूच विचारलं, "शिकायला लय अवघड हाय का वो?"

अक्का, वर एका ठिकाणी माझं पेन घसरलंय. तुझ्या नजरेतून ते सुटलं नसणार. दोरी ओढणारी मीच. गाडी माझीच. ओरड आता, इथं ऐकू येत नाही.

पण हेही वाच. एसटीत बसले की तुझं मानवत येईपर्यंत माझ्या पोटात काही ठरत नाही, आणि तुला बसची पायरी चढवत नाही. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मला कुणी गाडीतून नेईल का, म्हणून मी फोन करत बसले. पोचले तेव्हा तू दवाखान्यातून घरीही आली होतीस. तू एका शब्दानं बोलली नाहीस, उलट मलाच चहा करून द्यायला लावलास सुनेला. परत आले आणि त्याच आठवड्यात स्कूटर बघून आले.

पुढच्या रविवारी येते. ऊन व्हायच्या आत निघेन, हेल्मेट घालीन, हळू चालवीन. मेथी आणते. परतीसाठी गाडी तुझ्याकडेच चार्ज करावी लागणार, तेव्हा वायरमनला बोलावून ओसरीतल्या प्लगचं अर्थिंग तेवढं बघून घे. चार्जिंगला वेळ लागतो. इतका की मला मुक्कामच करावा लागेल.

कुणाच्या गाडीची वाट न बघता तुझ्याकडे निघालेली,
कमल