आमचूर वर चढला

१४ एप्रिल, शहादा
धडगावच्या बायांच्या आमचुराची वेबसाइट शोधून पाहिली. शोधात चौथं पान, तळाला. मजकूर माझाच: ‘शुद्ध आमचूर, उत्तम आमचूर, धडगाव आमचूर’. सारखं तेच ते लिही, म्हणजे साइट वर येते, असा हेमंतचा सल्ला. (मावसभाऊ. साइट त्यानेच बनवली.) वाचून लाज वाटली. मी म्हणे मराठीची बाई!

२१ एप्रिल
वरच्या पाड्यावर गेले. अकराजणी कैऱ्या सोलत होत्या. गटप्रमुख जमनाबाईने वाळलेली फोड कानाशी धरून मोडली. “वाजली तर भरायची. नाही तर परत उन्हात.” हे लिहायला हवं! निघताना म्हणाली, “ताई, नंदुरबारचा व्यापारी इथं येतो न् पडेल भावात नेतो. फोन सरळ आमच्यावर आला पाहिजे.”
जीपमध्येच निम्मं लिहून झालं.

२ जून
पहिलं पान! तिसरा नंबर. हेमंतचा फोन, “ताई, कमाल करी टाकी तू!” पेढे आणले.

१० जून
जमनाबाई फोनवर: “एक पण फोन नाही आला.” म्हटलं, रेंज नसेल. मग पान उघडलं. शब्द न् शब्द माझा, खाली नंबर भलताच. लावला. नंदुरबारचा तोच व्यापारी. “बोला, धडगावना आमचूर पाहिजे का?”
फोन ठेवला.

११ जून
हेमंतला जाऊन जाब विचारला. मग म्हणाला, “लिखेल तुन्हं शे ताई, पन साइट मन्हा नावनी शे.” पासवर्डही बदललाय. घरच्या माणसाला काय विचारायचं, म्हणून साइट कुणाच्या नावावर घेतली ते मी विचारलंच नव्हतं. राखी बांधते मी याला. मेल्या, विकलंस मला. अन् त्या बायांनाही.

१५ जून
पाड्यावर जाऊन सगळं सांगितलं. बाया आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलत राहिल्या, मला कळेना. नवी साइट काढू म्हटलं, या वेळी गटाच्या नावावर. पण जुनाच मजकूर टाकला तर इंटरनेटवर नक्कल आपलीच ठरणार, तेही सांगावं लागलं.
जमनाबाई म्हणाली, “सांगायला दुसरं पुष्कळ आहे आमच्याकडे. पण तुला सांगायचं की नाही, ते बायांना विचारते.”