चियाराच्या मळ्यातली लाल वाइन

सलालाह, ४ जुलै २०२४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या लेकीचं, आकांक्षाचं मराठी सुधारावं म्हणून पत्रच लिही, हा तुझा हुकूम. तिला म्हणावं, अडखळलीस तरी शेवटपर्यंत वाच.

माझा ताप उतरला. खरीफ, म्हणजे इथला पावसाळा, लागलाय, डोंगर धुक्यात गेलेत आणि हॉटेल पाहुण्यांनी भरलंय. इटलीहून बेप्पेआजोबांच्या मळ्यातली नवी लाल वाइन आली. त्याच मळ्यात दोन हंगाम राहून मी वाइन पारखून वाढायचं हे काम शिकलो. ग्लास आधी नाकाशी, मग ओठाशी, असा आजोबांचा दंडक. त्यांची मुलगी चियारा पंचवीसला इथे येतेय. तिच्यासमोर बाटली मी उघडायची आणि पाहुण्यांना वाइन समजावून सांगायची.

काल एक उघडून पाहिली. पाण्यासारखी लागली. प्रवासात बिघडली असेल.

भावजींना नमस्कार. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
धनंजय

अल् घुब्रा, ११ जुलै

चि. धनंजयास अनेक आशीर्वाद.

आकांक्षाने ‘दंडक’चं ‘दंडुका’ केलं, पण पत्र पुरं वाचलं. हे विचारत होते, एकच बाटली पाण्यासारखी लागते की सगळंच? तापानंतर यांच्या ऑफिसातल्या एकाला महिनाभर कसलाच वास येत नव्हता. तुझ्या शेजारचे शरीफभाई परवा फोनवर म्हणाले, तुझं दूध करपून धूर झाला, ते धावत आले, आणि तू तिथेच पाठमोरा उभा होतास. तू हसण्यावारी नेलंस. मला हसू आलं नाही. काय असेल ते खरं लिही.

माया आहे म्हणून रागावते.

ताई

सलालाह, १७ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे आकांक्षाला वाचायला देऊ नकोस. वास पार गेलाय. शरीफ रोज लोबान जाळतो, मला नुसता धूर दिसतो. जुन्या वहीतली वर्णनं पाठ करून टेबलावर बोलतो. परवा आंबलेली बाटली वाढली, ती परत आली. मी खोकंच खराब आलं म्हणून वेळ मारून नेली. हॉटेलात कळलं तर खलास. नाक नसलेला वाइनवाला कोण ठेवील? शरीफलाही सांगितलं नाही.

तू फोनवर सिलिंडरचा धोशा लावलास. नळी जुनी झालीय खरी. चियारा गेली की बदलतो, डॉक्टरकडेही जातो.

रागावलीस तरी लोभ असावा.

धनंजय

सलालाह, २९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

माझे हात बांधलेत, म्हणून सावंतवाडीच्या सुगंधा नर्स हे लिहून घेतायत. भावजींनी सांगितलं असेलच, तरी माझ्याकडून ऐक.

चोवीसच्या दुपारी चहा टाकायला गेलो. शरीफ दार वाजवत होता. वाटलं, चहाला आलाय. ये म्हणालो. तो ‘गॅस, गॅस’ ओरडत आत शिरला आणि त्याच क्षणी मी लायटर दाबला. माझे हातच भाजले. तो सिलिंडर बंद करायला आगीत पुढे गेला. त्याचा चेहरा आणि छाती भाजलीय. डोळ्यांचं डॉक्टर अजून काही बोलत नाहीत.

चियारा भेटून गेली. तिला सगळं सांगितलं. म्हणाली, आधी बोलला असतास तर शेजारी उभी राहून तुझ्यासाठी मी वास घेतला असता.

काल शरीफ शुद्धीवर आला. त्याने एकच विचारलं, “भाई, तुला वास नाही आला?”

मी म्हणालो, महिना झाला, येत नाही.

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. उद्या कोळिकोडहून त्याची बायको सफिया येतेय. तिला मीच सांगणार आहे.

तू ये. माझ्यावरचा लोभ काढून घेऊ नकोस.

धनंजय