गाडी कोनी शे, आधी इचार

माय, सकाळपासून दारात एक पांढरी गाडी उभी आहे. काचा काळ्या, इंजिन चालूच. आपलं कुत्रं एरवी पोस्टमनलाही सोडत नाही, पण या गाडीवर एकदाही भुंकलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते. तू असतीस तर ड्रायव्हरला तांब्याभर पाणी नेऊन दिलं असतंस आणि मग गाडी कुणाची ते विचारलं असतंस, "गाडी कोनी शे, भाऊ?"

तू गेलीस तेव्हा मी नुसती सरपंच होते, राखीव जागेवरची. मग जिल्हा परिषद झाली, आणि आता आमदार आहे. केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईची पोर मुंबईला सभागृहात बोलायला उभी राहिली आणि पहिल्याच भाषणात तोंडातून 'आहे'च्या जागी 'शे' निघून गेलं. मागचे बाक खो खो हसले. मी म्हटलं, हसा खुशाल, माझ्या मायची बोली आहे! आता त्याच सभागृहात सरकार राहणार की पडणार याचं मतदान आहे. आपल्या पाड्यामागचा डोंगर या सरकारनं खडीच्या खाणीला दिलाय. सरकारच्या विरोधात हात वर करीन, असा शब्द मी पाड्याला दिलाय. आणि ज्यांनी मला तिकीट दिलं ते आमचे नाना एका रात्रीत सरकारकडे गेले. गाडी त्यांची आहे. त्यांच्यासोबतचे बाकीचे आमदार गुजरातेत, हॉटेलात पोचलेसुद्धा.

तुला ती ट्रॉली आठवते? फैजपूरच्या बागांवर मजूर न्यायला मुकादम घेऊन यायचा ती. ट्रॉलीत पाय ठेवला की बोली झाली, हंगामभर त्याच्याकडेच राबायचं, असा रिवाज. मी शाळेच्या फ्रॉकमध्ये आहे. खेळता खेळता चढते. मुकादम दात काढत ओरडतो, "पोरनी पाय ठेवा, बोली व्हयनी!" तू चुलीपासून धावत येतेस, हाताला भाकरीचं पीठ. वेणीला धरून मला खाली ओढतेस, एक सणसणीत ठेवून देतेस आणि माझ्याऐवजी स्वतः चढून बसतेस. अंगात ताप होता तुझ्या. संध्याकाळी लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग घेऊन परत आलीस आणि एवढंच बोललीस, "गाडी कोनी शे, आधी इचार. मंग पाय ठेव."

दुपारी ड्रायव्हर घरात आला. "ताई, बॅग भरली का? मोबाईल माझ्याकडे द्या, नानांनी सांगितलंय." मी म्हटलं, नानांना सांग, ताई येत नाही. मेल्यानं वादसुद्धा घातला नाही. पाणी प्यायला, ग्लास पालथा घातला आणि दारातून वळून म्हणाला, "तुमची मुलगी धुळ्याला होस्टेलवर असते ना? फार गुणाची पोर आहे हो." त्यानं तिला कधी पाहिलं, कुणास ठाऊक.

मघाशी तिचा फोन आला, नात तुझी. आवाजात नुसता आनंद. "आई, नानाआजोबांनी गाडी पाठवली! तू पण येतेयस ना? मी बसले पण." मी विचारलं, कुठे आहेस? म्हणाली, "साक्री मागे पडलं." साक्री म्हणजे घराच्या उलटी दिशा, गुजरातची वाट. मग फोन दुसऱ्या कुणीतरी हातात घेतला. बोललं कुणीच नाही, नुसता गाडीचा आवाज येत राहिला.

तिनं पाय ठेवलाय, माय. आता मला चढावं लागेल. उद्या पाड्यावर बाया म्हणतील, पोरीसाठी गेली बिचारी, तिच्या मायसारखीच. मी त्यांना म्हणू देईन.

हा कागद मी उठता उठता चुलीत घालणार आहे, म्हणून तुला खरं सांगते. तिचा फोन आला तेव्हा माझी बॅग पलंगाखाली होती. ती मी सकाळीच भरली होती.