मी ‘ठीक आहे’ म्हणाले होते

प्रिय ताई,

आज दुपारी अंधेरीच्या मैदानावर, तीस-पस्तीस पोरींसमोर, मी तुला दिलेला शब्द मोडला. तुला हे सांगणारं दुसरं कुणी नाही, म्हणून मीच लिहायला बसलेय. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलीय. संध्याकाळचा चहाही घेतला नाही तिने.

तुझ्या कोच सरांनी मला बोलावलं होतं. नव्या मुलींचं रग्बीचं शिबिर सुरू झालंय, तर ताईबद्दल पाच मिनिटं बोल, पोरींना जरा जोर येईल, असं म्हणाले. मी कागदावर लिहून नेलं होतं. कबड्डी खेळणारी घाटकोपरची मुलगी रग्बीत कशी आली, आरेच्या चढावर तबेल्यांच्या वासात कशी धावायची, राज्याच्या संघाची कॅप्टन कशी झाली, असं सगळं. माझी ओळख करून देताना सर म्हणाले, "सुजाता परब एकदाही दुखतंय म्हणून बाहेर बसली नाही." पोरींनी कडकडून टाळ्या वाजवल्या. मला पुढचं अक्षर दिसेना गं.

तुला ती चेंबूरच्या मैदानावरची सकाळ आठवते का? कदाचित नसेलच आठवत, त्याचीच तर भीती होती. सरावात समोरून येणाऱ्या पोरीला कमरेत धरून पाडायला तू वाकलीस आणि तिचा गुडघा तुझ्या कानशिलावर बसला. तू उठलीस, हसलीस, अंगठा दाखवलास. पाणी प्यायला माझ्याकडे आलीस आणि हळूच म्हणालीस, "मनू, मला सगळे गोलपोस्ट दोन-दोन दिसतायत. कुणाला बोलू नकोस."

तेव्हा नवीन लीग सहा आठवड्यांवर आली होती. पहिल्यांदाच व्यावसायिक संघाने तुला घेतलं होतं. एकतिसाव्या वर्षी! तू म्हणायचीस, ही गाडी गेली तर दुसरी नाही. आणि संघाच्या फिजिओने डोक्याची तपासणी ठेवली होती. त्यात नापास झालीस तर सरळ घरी.

म्हणून आपण पाठांतर केलं. आठ दिवस गॅलरीत बसून, तपासणीत विचारतात तसे, मी तुला पाच-पाच शब्द वाचून दाखवायचे आणि तू ते परत म्हणायचीस. महिने उलटे म्हणायचीस. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, मग गाडी अडायची. मी ओठ हलवून ‘सप्टेंबर’ म्हणायचे. आईला वाटायचं, आपण एखादा खेळ खेळतोय. तू पास झालीस त्या दिवशी मी पेढे आणले, ताई. मी!

त्यानंतर सगळं वाकडं होत गेलं. सात वर्षं रोज ज्या मेट्रोने आलीस-गेलीस, त्या घाटकोपर स्टेशनवरून तू मला फोन केलास, की कुठल्या बाजूने बाहेर पडू? तू गंमत करतेयस असं वाटून मी आधी हसले. तू रडायला लागलीस तेव्हा चप्पल घालून पळत आले. गॅस चालू राहायचा. टीव्हीचा आवाज सहन व्हायचा नाही. आई काही बोलली की तू अंगावर जायचीस, आणि मग तासाभराने तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचीस.

आणि ऑफिसातलं ते. खेळाडू म्हणून मिळालेली सरकारी नोकरी, अंधेरीचं ऑफिस. शेजारच्या टेबलवरच्या कदम मॅडमनी एक फाइल मागितली. तुला ती कुठे ठेवली ते सुचेना, त्यांनी पुन्हा विचारलं आणि तू त्यांना ढकललंस. कपाटावर आपटून त्यांचं मनगट मोडलं. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला. दोन दिवसांत तो सगळीकडे. ‘मैदानावर जोर कमी पडतो वाटतं,’ असलं काय काय लोकांनी त्याखाली लिहिलं. तुला निलंबित केलं, चौकशी लागली. लीगवाल्यांनीही फोन करून समज दिली, की आणखी एक भानगड झाली तर विसरा.

आपण माफी मागायला त्यांच्या मुलुंडच्या घरी गेलो, तेव्हा रिक्षात तू मला दोनदा विचारलंस, "आपण कुठे चाललोय?" दोन्ही वेळा मी सांगितलं. कदम मॅडम हाताला प्लास्टर घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. पण त्या तुझ्याकडे बघत राहिल्या. तू हात धुवायला गेलीस, तर मला म्हणाल्या, "मी हिला पाच वर्षं बघतेय. ही अशी नव्हती. हिला डॉक्टरकडे ने."

जिचं मनगट तू मोडलंस, तिला कळलं होतं. मी म्हणाले, "दमलीय हो ती."

सरांनाही शंका आली होती. मला मैदानाच्या गेटवर गाठून त्यांनी थेट विचारलं, घरी ठीक आहे ना सुजाता? तू मागून येत होतीस. मान हलवून मला ‘नाही’ म्हणत होतीस, डोळे असे मोठे करून. मी म्हणाले, "ठीक आहे, सर."

हे तू मला का करायला लावलंस? राग येतो तुझा. खूप येतो. आईची शपथ घातलीस तू मला. मी लहान होते असंही नाही, सव्वीस वर्षांची घोडी होते. नाही म्हणता आलं असतं. पण तू ती टीमची जर्सी घालून आरशासमोर उभी राहायचीस ना, तेव्हा माझी जीभ उचलायची नाही.

शेवटचा मार तसा साधाच होता. सरावाचा सामना, दोघी जणी एकदम तुझ्यावर पडल्या. तू उठलीस, खेळलीस, बाहेर येऊन बाकावर बसलीस आणि बसल्या जागी कलंडलीस.

आता जे लिहितेय ते मी आज पोरींनाही सांगितलं नाही. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, "गेल्या काही महिन्यांत डोक्याला मार लागला होता का?" माझ्या एका बाजूला सर उभे होते, दुसऱ्या बाजूला टीमचा मॅनेजर. मी म्हणाले, "नाही." डोक्यात काय होतं माहितीय? तू शुद्धीवर आल्यावर मला ओरडशील. माझ्यामुळे तुझी लीग गेली म्हणशील! तू आत तशी पडलेली आणि मी तुझी लीग वाचवत होते. मग नर्सने तुझे बूट पिशवीत घालून माझ्या हातात दिले, आणि मी पळत त्या डॉक्टरच्या मागे गेले. कॉरिडॉरमध्ये त्याला एकट्याला सगळं सांगितलं. मधे दहा-पंधरा मिनिटं गेली होती. त्याने नंतर सांगितलं, तेवढ्याने काही फरक पडला नसता. खरं असेल. मला बरं वाटावं म्हणूनही बोलला असेल. मी त्याला पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवसांनी तू गेलीस. दहा महिने झाले.

तर आज टाळ्या थांबल्यावर मी कागद घडी करून ठेवला आणि चेंबूरपासून सगळं सांगितलं. पाठांतर, पेढे, स्टेशन, कदम मॅडम, गेट. मागे उभ्या असलेल्या दोन आया आपल्या मुलींना घेऊन मधूनच निघून गेल्या. सरांचा चेहरा उतरला होता. मी बाहेर पडले तर मागून आले.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो सर. मी खोटं बोलले."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "मला पण ते ‘ठीक आहे’च ऐकायचं होतं गं. म्हणून पुन्हा विचारलं नाही."

घरी येऊन कुणाचा फोन यायच्या आत मीच आईला सांगितलं. ते दहा-पंधरा मिनिटांचंही सांगितलं. ती खोबरं किसत होती. विळी बाजूला केली आणि म्हणाली, "माका कित्याक सांगूक नाय गो?"

मी म्हणाले, ताईने तुझी शपथ घातली होती.

"तू नुसता येवन रडलं असतंस, तरी माका कळला असता."

एवढंच बोलली. मग आत जाऊन पडली. ती मला माफ करेल का, ताई? तू केलं असतंस का? मला दोन्हीची उत्तरं माहीत नाहीत, आणि आज तरी मागायची हिंमत नाही.

मघाशी सरांचा फोन आला. दर रविवारी मैदानावर येशील का, म्हणाले. "पोरी मला खरं सांगणार नाहीत, तुला सांगतील."

मी जाणार आहे. आणि तुला हा नवा शब्द देतेय, हा मोडणार नाही. एखादी पोरगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, सरांना सांगू नका हं,’ तर मी तिचं सगळं ऐकून घेईन आणि तिच्यादेखत सरांना जाऊन सांगेन. ती रडेल, शिव्या घालेल, जन्मात माझ्याशी बोलणार नाही. चालेल मला. चिडलेली का होईना, घरी जाईल.

तुझी,
मनू